शाल, श्रीफळ आणि दोन ओळी

दूरचित्रवाणीवर ज्येष्ठ गायकांना मान मिळत नाही, असे आज कोणी म्हणू शकणार नाही. शाल मिळते, श्रीफळ मिळते, स्पर्धेतील मुले वाकून नमस्कार करतात, निवेदिकेचा कंठ दाटून येतो. मग आग्रह होतो, 'दोन ओळी म्हणा ना!' ज्येष्ठ दोन ओळी म्हणतात, टाळ्या होतात आणि जाहिराती लागतात. गाण्यासाठी वेळ तेवढा मिळत नाही.

कुळगीसारख्या अरण्याच्या कडेला राहणाऱ्या आम्हां जुन्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा वाटत नाही. पुण्या-मुंबईच्या मैफली आमच्या वाट्याला क्वचितच आल्या. धारवाड त्या मानाने जवळचे. तेथे १९५० साली सुरू झालेल्या आकाशवाणी केंद्राने आमच्या वडीलधाऱ्यांचे कान घडविले. परंतु गाणारा श्वास कोठे चोरतो, तबल्याकडे केव्हा पाहतो, हे रेडिओवरून कसे कळावे? पुढे छपरावर तबकडी आली (मुसळधार पावसात चित्र जाते, ते सोडा) आणि घरबसल्या गाणे पाहावयास मिळेल अशी आशा वाटू लागली.

१९७२ साली सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनने ती काही अंशी पुरी केली होती. 'शब्दांच्या पलीकडले' सारख्या कार्यक्रमाला नेपथ्याचा डौल नव्हता, पण गाणे शेवटपर्यंत ऐकू येई. १९८८ साली 'मिले सुर मेरा तुम्हारा' प्रसारित झाले, तेव्हा आरंभाचा स्वर भीमसेन जोशींचा होता. पंडितजी त्या वेळी ६६ वर्षांचे होते. त्यांची ओळख करून द्यावी किंवा त्यांना आठवणी विचाराव्या, असे कोणाच्या मनात आले नाही.

पुढे अल्फा मराठीच्या 'नक्षत्रांचे देणे'ने कवी-संगीतकारांचा मोठा गौरव केला. आम्ही तो आवडीने पाहिला. मात्र ज्येष्ठ बोलणार आणि गाणार बहुधा तरुण, ही वाटणी तेथेच रुळली असावी, असे आता वाटते.

२००८-०९ च्या 'लिटल चॅम्प्स'विषयी आमची तक्रार नाही. कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत यांची तयारी खरी होती. त्यांच्यामुळे घरोघरच्या मुलांच्या तोंडी नाट्यपदे आणि अभंग आले. कमलेश भडकमकरांच्या वादकांची नावे प्रेक्षकांना पाठ झाली, ही तर दुर्मीळच गोष्ट. परंतु २०२१ साली तीच स्पर्धा पुन्हा आली, तेव्हा परीक्षकांच्या खुर्च्यांत ही पाचही जण बसली होती. ती लायक नव्हती असे आम्ही म्हणत नाही. बारा वर्षांत स्पर्धकाचा परीक्षक होतो, एवढा वाहिन्यांचा काळ आखूड झाला आहे. या हिशेबात साठीच्या गायकाला बसवायचे कोठे? पाहुण्यांच्या कोचावर.

आमच्या धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांचा जन्म १९१० चा. पद्मश्री मिळाली १९७० साली, पद्मभूषण १९७६ साली. म्हणजे देशाने त्यांच्याकडे पुरते वळून पाहिले तेव्हा अण्णा साठीला टेकले होते, आणि जाणकार ज्याची आठवण काढतात ते त्यांचे गाणे बव्हंशी त्यानंतरचे. हुबळीच्या गंगूबाई हनगलांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषी, भारदस्त झाला. त्याच आवाजात त्यांनी किराण्याची गायकी उभी केली. आजच्या प्राथमिक फेरीत तो आवाज टिकला असता काय, याची आम्हांस शंका आहे.

उतारवयात गळा जड होतो, तान तुटते. मग गाणारा काय टाळतो आणि काय ठेवतो, हे पाहण्यासारखे असते. गाणे शिकणाऱ्या आमच्या मुलांना ते दिसावयास हवे. त्याला अर्धा तास पुरे. एक तानपुरा असावा आणि मध्ये कोणी बोलू नये. सत्कार हवा असल्यास नंतर करावा.