वाखरीतील सेवेचा दिवस
आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी सोलापूर जिल्ह्यात नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव असे मुक्काम करीत वाखरीस पोहोचते. पंढरी आता एकाच मजलेवर असते. गुडघ्यांमुळे आपणांस वारी चालवत नसेल, तर एक दिवस येथे सेवेस बसावे. वारकऱ्यांचे पाय कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावेत, पोटऱ्यांना हलके तेल लावावे. फोड फोडू नयेत. मधुमेही वारकऱ्याचे तळवे निरखून पाहावेत. बधिर पायांना जखम कळत नाही. जखम दिसताच त्यास वैद्यकीय पथकाकडे धाडावे. मात्र मधूनमधून स्वतःही सावलीत टेकावे, पाणी प्यावे. घरी रुग्णसेवा करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी धरावे : पाय चेपणाऱ्या हातांनाही विसावा लागतो. निघताना वारकरी ‘माउली’ म्हणत आपल्याच पाया पडतो. आपणांस न घडलेली वारी तेव्हा आपल्यापर्यंत चालत आलेली असते.