अर्धी कॅसेट

रक्त तपासायला गेलो होतो. नर्सबाईंनी हातावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि मला टेपरेकॉर्डर आठवला. दवाखान्याच्या वासाने लोकांना आजारपणं आठवतात, मला हेड साफ करणं आठवतं.

लहानपणी गावी घरच्या माडीवर कापूस रचलेला असायचा. त्यातला एक पुंजका ओढायचा, सरकी काढून टाकायची, उरलेला कापूस उदबत्तीच्या काडीला गुंडाळायचा, स्पिरिटमध्ये बुडवून टेपच्या हेडवरून फिरवायचा. पांढरा कापूस तपकिरी होऊन बाहेर येई. फितीवर आयर्न ऑक्साइडचा लेप असतो, त्याची ती भुकटी. म्हणजे गाणं जितकं लाडकं, तितकं ते घासून कापसाला लागायचं. मी सर्वात जास्त घासलेली कॅसेट होती रॉक मशीनची, 'द सेकंड कमिंग'.

आमच्या ढाणकी गावात ही कॅसेट येण्याचं तसं काही कारण नव्हतं. घरात प्रल्हाद शिंदे होते, 'आशिकी' होती, ती तर तेव्हा पानटपरीपासून एसटीपर्यंत सगळीकडे होती. मुंबईला इंजिनिअरिंग शिकणारा आतेभाऊ दिवाळीला आला आणि जाताना ही विसरून गेला. विसरला की मुद्दाम ठेवली, हे त्याने अजून सांगितलेलं नाही. मुंबईची पोरं, आणि इंग्रजीत गाणारी. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. तिनईकर हे आडनाव वाचून आमच्या वडिलांना जरा धीर आला. पोरगं अगदीच वाया गेलेलं नाही, असं त्यांना वाटलं असावं.

शब्द कळत नव्हते. पण बाकीच्या कॅसेटींत न मिळणारी एक गोष्ट इथे होती. वाद्यं एकमेकांची वाट पाहत होती. पुढे वर्षभराने आतेभावाने याच बँडचा आधीचा, 1988चा 'रॉक अँड रोल रेनेगेड' कोऱ्या कॅसेटवर उतरवून पाठवला, म्हणजे पहिला अल्बम मी दुसऱ्यानंतर ऐकला. तिथे सगळे एकदमच धावत होते. गिटारवाल्याला दाखवायचं होतं, गाणाऱ्याला दाखवायचं होतं, ड्रमवाल्याला तर फारच. चूक काही नव्हतं त्यात, तरुणांनी धावायचंच असतं. पण दुसऱ्या अल्बममध्ये गिटार जरा मागे सरकली होती, कीबोर्डला जागा मिळाली होती आणि गाणारा ओळ संपल्यावर गप्प बसत होता. दोन वर्षांत माणसं एवढी बदलतात का, हा प्रश्न मला पडला खरा, पण त्याचं उत्तर मला कुणी इंग्रजी मासिकवाल्याने दिलं नाही.

ते मिळालं रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. आमच्या टेपचा पट्टा ढिला झाला होता, कॅसेट गचके खात होती. दुकानदाराने पट्टा बदलला आणि खात्री करायला आतली कॅसेट तशीच लावली. बाकावर बँडमास्तर बसले होते. लग्नातल्या बँडचे मास्तर, क्लॅरिनेट वाजवणारे. नव्या सिनेमाचं गाणं बसवायचं असलं की ते याच बाकावर येऊन बसत आणि एकच गाणं दुकानदाराला परत परत लावायला सांगत. नोटेशन वगैरे भानगड नव्हती. मास्तरांचा ओठ हलायचा, बोटं मांडीवर पडायची, झालं बसवून. त्या दिवशी रॉक मशीनचं अख्खं गाणं त्यांनी मान वाकडी करून ऐकलं. मला वाटलं, आता विचारतील हा काय गोंधळ आहे म्हणून. मास्तर म्हणाले, "हे पोट्टे किती सालापासून संगं वाजवून राह्यले रे?"

मला काय माहीत! आज सांगता येतं. रॉक मशीन 1984 साली सुरू झालं. सुरुवातीला दुसऱ्यांची गाजलेली इंग्रजी गाणी वाजवली, मग स्वतःची. मुंबईच्या रंगभवनाच्या उघड्या मंचावर, हजारो पोरांच्या आरडाओरड्यात. म्हणजे मास्तरांनी ऐकलं तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती, त्यातही माणसं बदलत बदलत. गाणं चांगलं की वाईट हे मास्तरांनी विचारलं नाही. कुणाचं घराणं, कोण गुरू, तेही नाही. संगत किती जुनी, एवढंच. तेव्हापासून कुठल्याही बँडचा नवा अल्बम ऐकताना माझ्या डोक्यात आधी हाच प्रश्न येतो आणि संगीत समीक्षकांचं लिहिणं वाचताना तो त्यांना कधीच कसा पडत नाही याचं नवल वाटतं. 'आवाज प्रगल्भ झाला' असं ते लिहितात. प्रगल्भ झाला म्हणजे काय झालं? दुसरा वाजवत असताना आपला हात आखडता घ्यायला शिकले, इतकंच बहुतेक वेळा झालेलं असतं.

इथे बीटल्सचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, ढाणकीशी त्यांचा काडीचा संबंध नसला तरी. 11 फेब्रुवारी 1963. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत चार पोरांनी एका दिवसात पहिल्या अल्बममधली दहा गाणी ध्वनिमुद्रित केली. जॉन लेननला सर्दी, घसा बसलेला. चारच वर्षांनी 'सार्जंट पेपर' करायला त्याच चौघांनी जवळपास पाच महिने घेतले. लोक म्हणतात पैसा आला, तंत्र आलं. आलंच. पण त्या 1963च्या आधी हेच पोरगे हाम्बुर्गच्या क्लबांत रात्र रात्र वाजवून आले होते, तो हिशेब आधी मांडायला हवा. आणि योगायोग म्हणजे फिलिप्स कंपनीने आपली छोटी कॅसेट जगापुढे आणली तीही 1963 सालीच. असो.

आता माझ्या कॅसेटबद्दल आणि मामांबद्दल.

विकत आणलेल्या कॅसेटच्या पाठीला दोन चौकोनी खाचा असतात. त्या उघड्या असल्या तर टेपचं रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच जात नाही, कंपनीने केलेली सोय. पण खाचेत कागदाचा बोळा कोंबला की टेप फसतो. आमच्या मामांना हे ज्ञान कुठून झालं देव जाणे. गावात हरिनाम सप्ताह होता, बुवा नामांकित होते, आणि कोरी कॅसेट आणायला उमरखेडला कोण जाणार! मी शाळेत. मामांनी वहीचं पान फाडलं (माझ्याच), बोळा कोंबला आणि 'द सेकंड कमिंग'च्या दुसऱ्या बाजूवर कीर्तन उतरवलं. मग आईला म्हणाले, "एक बाजू ठेवली की तुझ्या पोराची." मामा गेले, त्यांची शेती भावांत वाटली गेली, हळदीचा भाव कितीदा चढला आणि पडला, पण हा राग माझा मी जपून ठेवला आहे. कुणाला देणार नाही.

पुढे केबल आली, स्टार टीव्हीच्या छत्रीतून एमटीव्ही आलं, आणि रॉक मशीनच्या 'प्रिटी चाइल्ड'चा व्हिडिओ मी शेजाऱ्यांच्या घरी, त्यांच्या आजीच्या नजरेखाली पाहिला. 1993 मध्ये बँडने नाव बदलून इंडस क्रीड केलं, 1995 मध्ये त्याच नावाचा अल्बम आला. मी तेव्हा नांदेडला शिकत होतो आणि तो मला फार आवडला नाही, हेही सांगून टाकतो. दोन वर्षांत बँड मोडला. बेनेगल आणि बँडमधले जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी आल्म्स फॉर शांती हा दुसरा बँड केला. रंगभवनाचा परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि तिथली गाणी बंद पडली. 2010 मध्ये ही मंडळी पुन्हा जमली, 2012 मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला. आधीच्या अल्बमनंतर सतरा वर्षांनी! तो मी फोनवर ऐकला. त्यात कुणालाच घाई नाही. गिटार आणि कीबोर्ड एकमेकांचं बोलणं पुरं होऊ देतात. 'आधीची मजा नाही राहिली' म्हणणारे भेटतातच, त्यांना मी वाद न घालता चहा पाजतो.

त्याच फोनवर एकदा 'द सेकंड कमिंग'ची हरवलेली बाजूही ऐकली. गाणी चांगली आहेत. पण माझा कान काही त्यांना आपलं म्हणेना. बाजू पलटली की टाळ-मृदंग यायला हवेत, बुवांचा खोकला यायला हवा, मागे कुणाचं तरी पोर रडायला हवं. हल्ली मुंबईचा अभंग रिपोस्ट नावाचा तरुणांचा बँड गिटार-ड्रमवर संतांचे अभंग गातो, लोक त्याला नवा प्रयोग म्हणतात. आमच्या मामांनी एका कॅसेटमध्ये दोन्ही आधीच बसवले होते, फक्त पाठीला पाठ लावून.

मास्तरांच्या बँडचंही रॉक मशीनसारखंच होत गेलं होतं, हे मला उशिरा कळलं. त्यांचे पुतणे, भाचे, दोन गावचे दोन ट्रम्पेटवाले, एक खुळखुळेवाला. पहिल्या लग्नसराईत सगळे एकदम फुंकायचे, नवरदेवाचा घोडा बुजायचा. चार-पाच सिझन झाल्यावर क्लॅरिनेटने ओळ मध्येच सोडायची आणि ट्रम्पेटने ती उचलायची, अशी गंमत सुरू झाली. खुळखुळेवाला तर एखाद्या कडव्यात नुसता उभा राही. वरातीत नाचणाऱ्यांना यातलं काही कळत नसे, पण पाय बरोबर पडत. मग ट्रॉलीवरचा डीजे आला. डीजेला संगत लागत नाही, जनरेटर लागतो. पुतणे कुणी ऊसतोडीला गेले, कुणी पुण्याला. मास्तर आता नाहीत.

पण उमरखेड-हिमायतनगरच्या बाजूला अजून दोन-चार बँड वाजतात, पोरं तरुण आहेत आणि जरा जास्तच जोरात फुंकतात. घरी लग्न असेल तर त्यांना सुपारी द्या. आणि यंदा ज्यांना दिली, त्यांनाच पुढच्या सालीही द्या.