काचेमागची शीळ

मशीनचा आवाज शाबूत आहे, नजर तेवढी गेली आहे. स्विच टाकला की काळ्या काचेमागे मुस्तफा धावू लागतो, गुद्दे बसतात, डायनोसॉर डुरकतात, आणि समोर दिसतो फक्त आपलाच चेहरा, पंचेचाळिशीचा, काचेच्या फुगीर पोटात किंचित रुंद झालेला.

कॅपकॉमचा 1993चा खेळ, ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. नौपाड्यातल्या आम्हा पोरांसाठी नुसता मुस्तफा. शाळा सुटली की गोखले रोडच्या गर्दीतून वाट काढत, मुठीत घामेजलेलं नाणं घेऊन पार्लरच्या अंधारात शिरायचं. पडद्यांचा निळा-तांबडा उजेड पोरांच्या गालांवर हलत असायचा, आणि नंबर येईपर्यंत दुसऱ्याच्या खांद्यावरून बघण्यातच अर्धं सुख होतं. खरं तर अर्ध्याहून जास्त. पार्लर मिटलं, तिथलं एक मशीन मित्राच्या तळमजल्यावरच्या खोलीत आलं, आणि यंदाच्या दमट पावसाळ्यात त्याची पिक्चर ट्यूब गेली.

“एलसीडी टाका की,” सगळेच म्हणतात. टाकता येतो. पण मशीनमधला बोर्ड चित्राच्या ओळी सेकंदाला साधारण पंधरा हजारांच्या चालीनं पाठवतो, आणि कॉम्प्युटरचे मॉनिटर त्याच्या दुप्पट चालीचे. मध्ये कन्व्हर्टर बसवला तरी चित्र येतं ते कोरडं, कडेकडेनं कापलेलं. जुन्या नळीत चित्र असं कधी नसतंच. काचेच्या आतून एकच ठिपका डावीकडून उजवीकडे धावतो, ओळीखाली ओळ पेटवत जातो, मागची विझत असते, पुढची अजून उजाडायची असते, आणि ते सगळं सांधून त्याचा धावता मुस्तफा करतो तो आपला डोळा.

बालपण आम्ही एका ठिपक्यावर काढलं.

म्हणून लॅमिंग्टन रोड, म्हणून कुर्ल्याचे भंगारवाले. नळ्या दिसतात, पण मान मोडलेल्या: मानेवरच्या कॉइलचं तांबं ओरबाडताना काच तडकते, आतल्या निर्वात पोकळीत हवा शिरते, संपलं. उरलेली शिसं मिसळलेली जड काच कुणालाच नको असते. शेवटी टीव्ही मिळाला तो विष्णुनगरमधल्या एका आजींकडे, क्रोशाच्या रुमालाखाली. “चालू आहे हो अजून,” त्या म्हणाल्या आणि रुमाल तेवढा काढून घेतला.

मेकॅनिकनं आधी नळीवरचा चार्ज उतरवला. बंद टीव्हीतही हजारो व्होल्ट दबा धरून असतात. मग मशीनची लाल, हिरवी, निळी वायर थेट टीव्हीच्या बोर्डावर डकवली. स्विच. काचेवर अंगावरच्या लवेइतकं हलकं काहीतरी उभं राहिलं, आणि मित्राच्या लेकीनं कानांवर हात दाबले.

“काका, किती शिट्टी वाजतेय!”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. जुन्या टीव्हीची ती शीळ, 15,625 हर्ट्झची. लहानपणी जिन्यातूनच कळायचं कुणाकडे टीव्ही लागलाय ते, आवाज बंद असला तरी. वय वाढतं तसे कान वरच्या पट्ट्या एकेक करून सोडून देतात, न सांगता. माझ्या खोलीत शांतता होती. तिच्या खोलीत शीळ. खोली एकच.

“आत्ता वाजतेय?” मित्रानं विचारलं.

“मग काय! तुम्हाला ऐकू येत नाही?”

पडद्यावर मुस्तफा उजळला होता, पण चित्र टिकत नव्हतं, सारखं वर सरकत होतं: बोर्ड साठाच्या तालाचा, टीव्ही पन्नासच्या. मेकॅनिकनं मागून हात घातला, व्ही-होल्डचा स्क्रू चाचपला आणि म्हणाला, “पोरीला जरा बाहेर न्या, वेळ लागेल.”

ती हलली नाही. कान दाबून, डोळे विस्फारून, ती माझ्या खांद्यावरून बघत होती.