पिवळा, जांभळा, तपकिरी

वसतिगृहाच्या प्रयोगशाळेत आम्ही प्रथम रोधक हाताळला, तेव्हा आमच्यापैकी अनेकांच्या घरी वीज नव्हती. त्याच्यावरील रंगीत पट्ट्यांची लिपी आम्ही पाढ्यांप्रमाणे पाठ केली. पिवळा, जांभळा, तपकिरी म्हणजे ४७० ओहम. ९ व्होल्टची बॅटरी आणि लाल एलईडी यांच्यामध्ये तो जोडला, की सुमारे १५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो; वगळला, तर एलईडी क्षणात जळते. पुढे डायोड, ट्रान्झिस्टरही आले. पण खरा जीव जडला तो सोल्डरिंगवर. सुट्टीत गावी गेलो, की वस्तीतले बंद रेडिओ आमच्यापुढे येत. दोष बहुधा सुटलेल्या सांध्याचा, नाहीतर फुगलेल्या कपॅसिटरचा असे. ज्यांच्या ओट्यावर आमच्या वडिलांना बसता येत नसे, त्यांचीही बोलावणी आली. ते रेडिओ आम्ही त्यांच्या ओट्यावर बसूनच उघडले.