डबीवरची बारीक अक्षरे

दिवाळी सरली आणि नव्या कापसाच्या गाड्या हिंगणघाटच्या बाजार समितीकडे वळू लागल्या, की माझ्या गालांवरचे लाल चट्टेही न चुकता हजर होतात. आपल्या वर्धा जिल्ह्याची हवा त्वचेला फारशी दयाळू नाही. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, आणि थंडीतला कोरडा वारा ओठ व टाचा फाडतो. माझी त्वचा मुळातच रुक्ष आणि हळवी. पन्नाशीनंतर ती अधिकच कुरकुरू लागली. सुगंधी साबण लागला की चुरचुर, लोकरीचा स्वेटर घातला की खाज. दिवसा घरकामात लक्ष जात नाही, पण रात्री दिवा मालवल्यावर खाज जागी होते. रात्री त्वचेतून अधिक ओलावा उडून जातो आणि खाजही वाढते, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. ‘नाइट क्रीम’ या शब्दात जाहिरातदारांचा हात मोठा असला, तरी रात्री काहीतरी लावून झोपावे, या सल्ल्याला आधार आहे.

गेल्या कार्तिकात सूनबाई पुण्याहून माहेरपण करून आल्या आणि माझ्यासाठी अशाच क्रीमची एक देखणी डबी घेऊन आल्या. झाकणावर लॅव्हेंडरचे फूल, खाली ‘शांत करणारे’ असे आश्वासन. किंमत ऐकून मी गप्प राहिले. प्रेमाने आणलेली वस्तू, तिचा भाव कसा करावा?

पण आमचे घर रुईच्या व्यापारातले. माझे सासरे, आम्ही सर्व त्यांना बाबूजी म्हणतो, छ्याऐंशीव्या वर्षीही चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढतात, धाग्याची लांबी डोळ्यांपुढे धरतात, ओल आणि पत्ती पाहतात. नमुना पाहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात एक गाठ घेतली नाही. अशा घरात राहून झाकणावरच्या फुलावर भरवसा ठेवणे मला जमेना. मी बाबूजींचे भिंग मागून घेतले आणि डबीच्या तळाची अक्षरे वाचू लागले.

या यादीत घटक साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. आरंभी पाणी, मग ग्लिसरीन. तिसऱ्या ओळीत ‘सीटाइल अल्कोहोल’ आले आणि सूनबाई दचकल्या. “मम्मीजी, हे मद्यच ना?” त्यांचा प्रश्न रास्त होता, आपल्या घरांत हा शब्द खटकणारच. मात्र रसायनशास्त्रात ‘अल्कोहोल’ हे एका मोठ्या कुळाचे आडनाव आहे. सीटाइल अल्कोहोल हा मेणासारखा पांढरा, घट्ट पदार्थ. त्याने नशा येत नाही आणि त्वचाही कोरडी पडत नाही. त्याच्या नावाचा इतिहास मात्र अस्वस्थ करणारा आहे. ‘सीटाइल’ शब्दाचे मूळ देवमाशाच्या प्राचीन नावात आहे, कारण 1817 च्या सुमारास फ्रेंच रसायनज्ञ शेवरल यांनी तो देवमाशाच्या डोक्यातील मेणापासून वेगळा केला. आज तो बहुधा पामतेलापासून करतात.

पुढे ‘सेरा अल्बा’ आले. लॅटिन नाव ऐकायला गोड. अर्थ पांढरे मेण, म्हणजे मधमाशीच्या पोळ्याचे. त्याखाली लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. मध आपल्याकडे महाविगयांत मोडतो. त्याच पोळ्याचे मेण गालावर का चालवावे, याचे समाधानकारक उत्तर मला सापडले नाही. लॅनोलिनबद्दल मतभेद असतील, कोणाला ते चालत असेल. माझ्यासाठी प्रश्न दुहेरी होता, कारण काही हळव्या त्वचांना लॅनोलिनच सोसत नाही. शेवटी ‘परफ्यूम’ हा एकच शब्द. त्या एका शब्दाआड अनेक सुगंधी द्रव्ये लपू शकतात, आणि क्रीमने अंगावर पुरळ उठण्याच्या नेहमीच्या कारणांत सुगंधाचा क्रमांक वरचा आहे.

वस्तू कशापासून बनली, हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. 1930 च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय चालत असे. तिथे आपोआप मेलेल्या जनावरांच्याच कातड्यावर काम होई. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास 2014 पासून बंदी आहे, हे समाधानाचे. परंतु चाचणी न होणे वेगळे आणि घटक वनस्पतिजन्य असणे वेगळे. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल तेलापासूनही निघते, जनावराच्या चरबीपासूनही. डबीवर नाव तेच राहते.

सूनबाईंनी ती डबी आपण होऊन एका मैत्रिणीला दिली आणि मला वर्ध्याच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. त्यांनी सांगितलेले क्रीम दिसायला अगदी गरीब: गंध नाही, रंग नाही. त्यात पाणी धरून ठेवणारे ग्लिसरीन, ते उडू न देणारे पेट्रोलियम जेली आणि सिरॅमाइड. आपल्या त्वचेचा वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी या विटा, आणि सिरॅमाइडसारखे स्निग्ध पदार्थ हा त्यांच्यामधला चुना. कोरड्या त्वचेत हा चुना झडलेला असतो. मी कंपनीला पत्र लिहून ग्लिसरीन व सिरॅमाइडचे मूळ विचारले. आठवड्याने उत्तर आले: दोन्ही प्राणिजन्य नाहीत.

मग नमुना. कोपराच्या आतल्या बाजूस रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, दहा दिवस. काही उठले नाही, तेव्हाच चेहऱ्यावर. कढत पाण्याऐवजी कोमट पाणी, टॉवेलने घासण्याऐवजी टिपणे, आणि त्वचा ओलसर असतानाच लेप. पहिल्या दोन रात्री किंचित चुणचुण झाली. तिसऱ्या आठवड्यात चट्टे फिके पडले. वय उतरले नाही, सुरकुत्या जिथल्या तिथे आहेत; पण मध्यरात्री उठून गाल खाजवणे थांबले, आणि झोपेची किंमत मला कळते.

सासूबाईंचे औषध वेगळे होते. तांब्याच्या परातीत गाईचे तूप घेऊन ते पाण्याने शंभर वेळा फेटून धूत. शेवटी ते लोण्यासारखे पांढरे, हलके होई. हे शतधौत घृत, चरकसंहितेत उल्लेखलेले. माझ्या कोपरांना ते आजही मानवते. त्यात पाणी अडकून राहते, म्हणून थोडेच करावे आणि लवकर संपवावे.

एका गोष्टीची मात्र धास्ती वाटते. ओळखीतल्या एका मुलीने दुकानातून विचारून आणलेले गोरेपणाचे मलम वर्षभर लावले. त्यात स्टेरॉइड होते. आठ दिवसांत चेहरा उजळला, पुढे त्वचा पातळ झाली, उन्हात जाताच आग होऊ लागली, आणि मलम बंद केले की लाली दुप्पट. लग्नाची बोलणी चालू असताना ती महिनाभर घराबाहेर पडली नाही. 2018 मध्ये सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या सूचीत घातली. तरीही ती मिळतात. आपल्या समाजात औषधांची दुकाने चालवणारे पुष्कळ आहेत. गल्ल्यावर बसलेल्या आपल्या मुलांना त्यांनी चिठ्ठी मागायला सांगावे.

परवा बाबूजींनी भेगाळलेली बोटे पुढे केली आणि तेच क्रीम मागितले. रात्री लावतात, सकाळी मात्र हात स्वच्छ धुतल्याखेरीज रुईला हात लावत नाहीत. चिकट बोटांना धागा खरा कळत नाही, म्हणतात.