काळ्याचे काय करायचे?

प्रवासाला निघण्यापूर्वी घराघरांतून जे प्रश्न विचारले जातात, म्हणजे गॅस बंद केला का, किल्ली कोणाकडे दिली, औषधे बरोबर घेतली का, त्यांत आमच्या घरी गेली तेरा वर्षे आणखी एका प्रश्नाची भर पडलेली आहे. आणि त्या एका प्रश्नापाशी येऊन आमचे बहुतेक प्रवास थांबले आहेत. काळ्याचे काय करायचे?

काळ्या रंगाने काळा नाही. तो पिंगट आहे, छातीवर एक पांढरा डाग आहे. आमच्या गल्लीतल्या हरियाणवी शेजाऱ्यांना ह्या नावाचा उलगडा अजून झालेला नाही. ‘कालू? यो तो भूरा सै,’ असे म्हणून ते दर नव्या पाहुण्यापुढे आमच्या रंगज्ञानाविषयी शंका व्यक्त करतात. पण तो आम्हांला सापडला काळा आंब येथे, एका 14 जानेवारीच्या दुपारी. त्या दिवशी महाराष्ट्रातून माणसे येतात, भगवे ध्वज घेऊन स्मारकापाशी उभी राहतात, गळे दाटून येतात. ज्या आंब्याच्या झाडावरून त्या जागेला नाव पडले, ते झाड आता नाही. विटांचा एक स्तंभ तेवढा आहे. गर्दी ओसरल्यावर कुंपणाच्या कडेला, कडाक्याच्या थंडीत, पत्रावळीवरचा भात चाटत हे पिल्लू बसले होते. पत्नीने त्याला शालीत घेतले. मी म्हणालो, ‘पानिपतावरून आजवर कोणी काही घेऊन परतलेले नाही.’ ती म्हणाली, ‘म्हणूनच.’

आम्ही ह्या गावी आलो 1997 साली, येथील तेलशुद्धीकरण कारखाना सुरू होण्याच्या बेतात होता तेव्हा. ‘पानिपताला बदली झाली’ असे पुण्याला कळवले, तेव्हा थोरल्या काकांनी सांत्वनाचे पत्र पाठवले होते. मराठी माणसाच्या मनात हे गाव भूगोलात नाहीच; ते वाक्प्रचारात आहे. येथे शाळा असतात, सतरंज्या आणि चादरी विणल्या जातात, उन्हाळ्यात वीज जाते आणि लोक गच्चीवर खाटा टाकतात, हे कोणाला खरे वाटत नाही. निवृत्तीनंतर सगळ्यांनी परत या म्हटले. पण तोवर घर येथे बांधून झाले होते आणि सवयीही.

शिमला येथून अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरांवर आहे. एवढ्या वर्षांत आम्ही गेलो नाही. आधी माझ्या पाळ्या, मग मुलाच्या परीक्षा, मग काळ्या. 2016 साली मुलाच्या लग्नासाठी पुण्याला जावे लागले, तेव्हा मीच आग्रह धरून काळ्याला दिल्लीकडच्या एका श्वानगृहात दहा दिवस ठेवले. परत आणायला गेलो तेव्हा तो हाडकला होता, आणि भुंकायला तोंड उघडी, पण आवाज निघत नसे. भुंकून भुंकून घसा बसलेला. तेथील माणूस म्हणाला, दोन दिवसांत ठीक होईल. झालाही. पण पत्नीने तो आवाज नसलेला जबडा पाहिला होता. त्यानंतर आम्ही दोघे मिळून कोठे गेलो नाही. एक जाई, एक राही.

2022 च्या पावसाळ्यात तिच्या आजाराचे निदान झाले. सहा वेळा दिल्लीला नेऊन केमोथेरपी दिली. त्या दिवसांविषयी मला फारसे लिहिता येत नाही. एवढेच सांगतो, की ती परत आली की काळ्या तिच्या खाटेखाली जाऊन पडे आणि ती उठून बसेपर्यंत अन्नाला तोंड लावत नसे. चौथ्या फेरीनंतरच्या एका रात्री, काहीतरी बोलायला हवे म्हणून मी म्हणालो, ‘बरी झालीस की शिमल्याला जाऊ.’ तिने डोळे न उघडता विचारले, ‘काळ्यासकट?’ मी हो म्हणालो. अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो.

ती बरी झाली. म्हणजे तिच्या तपासण्या आता सहा महिन्यांनी असतात. काळ्या तेरा वर्षांचा झाला; त्याचे हृदय आकाराने वाढले आहे, असे पशुवैद्यांनी सांगितले, आणि त्याच्या तपासण्या दर तीन महिन्यांनी असतात. येता उन्हाळा त्याला येथे जड जाईल, असेही ते म्हणाले. त्या रात्री पत्नीने वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिले : शिमला, तिघे.

प्रथम मी रेल्वेचा मार्ग धरला. कुत्र्याला न्यायचे तर प्रथम श्रेणीचा आख्खा कुपे किंवा आख्खा कक्ष आपल्या नावावर हवा, नाहीतर त्याने गार्डाच्या डब्यातल्या पेटीतून जायचे. दोघांचा कुपे आपल्याला मिळणार की चौघांच्या कक्षातले दोन बर्थ, हे गाडी सुटायच्या काही तास आधी, तक्ता लागल्यावर कळते. पार्सल कार्यालयातल्या कारकुनाने हे सारे मोठ्या सौजन्याने समजावून सांगितले. पत्नी फलाटावर जाऊन ती पेटी पाहून आली. परत आल्यावर तिने विचारले, ‘अहो, त्या पेटीत माणूस मावतो का?’ मी म्हणालो, नाही. ‘मग नको.’ शिवाय कालक्याहून पुढे छोटी गाडी, 1903 साली सुरू झालेली आणि 2008 पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेली. तिच्या वाटेवर शंभरावर बोगदे आहेत. लोक त्या बोगद्यांसाठीच जातात. पोरे अंधारात आरोळ्या ठोकतात. दिवाळीत मोरीत दडून बसणाऱ्या काळ्याला ते शंभर वेळा सोसावे लागणार. रेल्वे बाद झाली.

मग हॉटेले. दूरध्वनीवर मी प्रथम खोल्यांचे दर विचारी, गरम पाणी विचारी आणि शेवटी, कर्जदाराने मुद्द्यावर यावे तसा, कुत्र्यावर येई. पलीकडचा आवाज तेथे बदले. कोणी म्हणे, लहान जातीचा असेल तर आणा. कोणी जात विचारी. ‘गावठी’ म्हटल्यावर एक गृहस्थ इतका वेळ गप्प राहिले, की मला वाटले ओळ तुटली. एकाने सुचवले, की कुत्रा ड्रायव्हरजवळ खाली ठेवावा, आपण वर या.

त्या संध्याकाळी पत्नी म्हणाली, ‘हे सगळे आधी होऊन गेले आहे.’ ती महाभारताविषयी बोलत होती. महाप्रस्थानिक पर्वात पांडव हस्तिनापुराहून निघतात तेव्हा एक कुत्रा त्यांच्या मागे लागतो. वाटेत द्रौपदी पडते, एकेक भाऊ पडतो. कुत्रा चालत राहतो. शेवटी इंद्र रथ घेऊन येतो आणि युधिष्ठिराला सांगतो, आपण यावे, कुत्र्याला मात्र वर जागा नाही. पानिपत हे पांडवांनी मागितलेल्या पाच गावांपैकी एक, पाणिप्रस्थ, असे येथील परंपरा मानते. त्यामुळे ह्या गोष्टीत आमच्या गावाचाही थोडा वाटा आहे. पत्नीचे म्हणणे असे, की इंद्र हा पहिला हॉटेलमालक. पुढे तो कुत्रा प्रत्यक्ष धर्म निघाला, हे तिला फारसे आवडत नाही. ‘कुत्रा कुत्राच राहिला असता तरी चालले असते,’ असे ती म्हणते. मला हे तिचे मत विद्वानांच्या टीकेपेक्षा मोलाचे वाटते. युधिष्ठिराने नकार दिला त्या क्षणी त्याला कुत्र्याचे खरे रूप ठाऊक नव्हतेच.

पण खरे सांगायचे तर मला आठवत होते दुसरेच. 1760 साली सदाशिवरावभाऊ उत्तरेत आले तेव्हा फौजेबरोबर बायकामुले होती, आणि हजारो यात्रेकरू होते. उत्तरेची तीर्थे घडावीत म्हणून लष्कराच्या आश्रयाने निघालेले. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतल्यावर फौज कुरुक्षेत्राच्या वाटेला लागली, आणि तेवढ्यात अब्दाली बागपतापाशी यमुना उतरल्याची खबर आली. फौज मागे वळली, पानिपतास अडकली. पुढे अन्न सरले. ह्या लढाऊ नसलेल्या माणसांच्या ओझ्याने भाऊंचा घात केला, असे अनेक अभ्यासक लिहितात, आणि युद्धशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच असावे. मी तीस वर्षांच्या नोकरीत आखणीचीच कामे केली आहेत. अनावश्यक भार आधी उतरवावा, हे मी इतरांना शिकवले आहे. वही पाहताना माझ्या मनात येई, की काळ्याला वगळले तर ही सहल एका दुपारीत आखून होईल. हे मी पत्नीला सांगितले नाही. तिला ते कळलेच नाही, असे मात्र मी समजत नाही. एकदा ती सहज म्हणाली, ‘त्या आजारात मीसुद्धा बाजारबुणगेच होते की.’

हिमालयाला कुत्र्यांचे वावडे नाही. गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळे लावलेले लोखंडी पट्टे घालतात. बिबट्या धरतो तो मानेला. शिमल्यातही रात्री बिबटे वस्तीला येतात आणि अंगणातली कुत्री नेतात, तेव्हा अंधारानंतर ह्याला बाहेर सोडू नका, असे पशुवैद्यांनी बजावले. माकडांविषयीही बजावले. आणि रेबीजच्या लशीचा दाखला हाताशी ठेवा म्हणाले. आमचे एक वृद्ध शेजारी सांगतात, की त्यांच्या लहानपणी पिसाळलेले कुत्रे चावले की माणसाला थेट कसौलीला नेत. तेथे 1900 साली पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली होती. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून लोकांच्या बोलण्यात आहे. आणि शिमल्याचेच डॉक्टर ओमेश भारती ह्यांना 2019 साली पद्मश्री मिळाली ती ह्याच रोगावरचा उपचार गरिबांना परवडेल इतका स्वस्त केल्याबद्दल. कुत्र्याच्या भीतीने माणसे ज्या डोंगरांकडे धावली, तिकडेच आम्ही कुत्र्याला घेऊन निघालो आहोत.

वहीत आता पुष्कळ लिहिले गेले आहे. एका घरमालकिणीने तळमजल्याची खोली कबूल केली आहे. तिने जात विचारली नाही, वय विचारले, आणि ‘चढ कमी आहे’ एवढेच म्हणाली. चढणीचा ताण पडू नये म्हणून पहिला मुक्काम सोलनला. मॉलवर वाहने नसल्याने काळ्याला चालता येईल. व्हाइसरॉयचा जुना प्रासाद पत्नीला आतून पाहायचा आहे. तेथे एकाने साखळी धरून बाहेर थांबायचे, मग दुसऱ्याने. हिशेब केला तेव्हा ध्यानात आले, की शिमल्यात छताखालचे एकही स्थळ आम्ही दोघे एकत्र पाहणार नाही. पत्नी म्हणाली, ‘बाहेरून एकत्र बघू.’

गाडी मी चालवायची नाही असे ठरले. रात्री समोरचे दिवे मला सोसत नाहीत. करनालकडच्या एका तरुणाची टॅक्सी ठरवली. तो रोड समाजाचा आहे. त्या समाजातले पुष्कळजण स्वतःला पानिपतावर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. कुत्रा असल्याचे मी चाचरत सांगितले. तो हसून म्हणाला, ‘अंकलजी, काला आंब का है तो म्हारा भी कुछ लागै सै.’ मागच्या आसनावर जुनी सतरंजी त्यानेच आणून टाकली आहे.

काळ्याला दर दोन तासांनी खाली उतरवायचे, असे पशुवैद्यांनी सांगितले आहे. काल रात्री पत्नीने नकाशा पसरून थांबे लिहिले. आम्ही पहाटे पाचाला निघू. पहिला थांबा सत्तरेक किलोमीटरांवर, कुरुक्षेत्र. सरोवराच्या काठी त्याला पाणी पाजता येईल, असे तिने पुढे कंसात लिहिले आहे. काळ्या तेव्हा उघड्या बॅगेत, तिच्या लोकरीच्या कपड्यांवर, झोपला होता. आणि ती कपडे बाहेर न काढता त्याच्या भोवतीने उरलेले सामान भरीत होती.