दाव्याला बांधलेलं घर

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते, म्हणून ते तीर्थ झालं. चामोर्शी तालुक्यातल्या या गावाला ज्या ऋषीचं नाव आहे, तो पुराणांत दोनदा वाचला: सोळाव्या वर्षी शिवपिंडीला मिठी मारून यमापासून, आणि पुढे प्रलयातून. या दुसऱ्या कथेत सगळीकडे पाणी पसरलेलं असतं आणि मार्कंडेय एकटाच भटकत असतो. वडाच्या फांदीवर त्याला एक बाळ दिसतं. त्याच्या मुखातून तो आत जातो, तर तिथे नद्या, रानं, गावं जशीच्या तशी! जीव तर आधीच वाचला होता. पण मागे राहिलेलं शाबूत दिसल्याशिवाय त्या वाचण्याला चव नाही, हे कथा रचणाऱ्याला कळत होतं. पुराच्या वेळी घर सोडा म्हणून सांगत फिरणाऱ्या यंत्रणेला ते अजून उमजायचं आहे.

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशात पाऊस कोसळला, तिथल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं आणि खाली वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची 33 दारं उघडावी लागली. ब्रह्मपुरीपासून खाली गडचिरोलीपर्यंत नदीकाठची गावं पाण्यात गेली. माणसं बोटींतून काढावी लागली. ती वेळ कोणती? पोळा नुकताच झालेला, रोवणी आटोपलेली, खत-मजुरीचा पैसा बांधीत गाडलेला, घरात खाण्यापुरता धान. अशा घराला ‘निघा’ म्हटलं की धनी उंबऱ्याशी उभा राहून भिंतीवरची पाण्याची रेघ बघतो, बाई पोतं माळ्यावर चढवायला घेते, म्हातारा गोठ्यात जाऊन दाव्यापाशी बसतो. बोटीत बैल बसत नाही. बाहेरून बघणारा याला अडाणीपणा म्हणतो. मला तो हिशेब वाटतो, आणि तोही बराचसा बरोबर. हिशेब बदलल्याशिवाय पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही.

याचा दाखला थेट ज्वालामुखीच्या तोंडाशी सापडतो. स्पेनच्या ला पाल्मा बेटावर सप्टेंबर 2021 मध्ये आठवडाभर जमीन थरथरत होती. 19 तारखेला डोंगर फुटला आणि पुढचे 85 दिवस धुमसत राहिला. सुमारे सात हजार माणसं घराबाहेर पडली. पण डोंगर फुटण्याआधीच, त्या सकाळी, चालता न येणारी माणसं आणि गोठ्यातली जनावरं हलवायला सुरुवात झाली होती. जनावर आधी गेलं की त्याच्यासाठी मागे थांबायचं कारण उरत नाही. बांगलादेशात वादळाच्या पट्ट्यात गुरांसाठी मातीचे उंच ओटे बांधतात. त्यांना तिथे चक्क ‘किल्ला’ म्हणतात. शब्द आपला, शहाणपण मात्र त्यांनी वापरलं.

यावर कोणी म्हणेल, जीव आधी, वस्तू काय पुन्हा येतील. खरं आहे; पण बैल ही वस्तू नव्हे, तो पुढच्या वर्षीचा जीवच. शिवाय ‘पुन्हा येतील’ हे वाक्य ज्यांच्या घरी विमा असतो त्यांना सुचतं. इथे पंचनामा होणार, नुकसान 33 टक्क्यांच्या वर भरलं तरच पिकाची मदत मिळणार. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: फुकट हलवलं आणि पाणी आलंच नाही, तर पुढच्या वेळी कोण ऐकेल? ग्वादलूप बेटावर 1976 साली ज्वालामुखीच्या भीतीने सुमारे 73 हजार लोकांना काही महिने बाहेर ठेवलं आणि मोठा उद्रेक झालाच नाही. त्यावरून शास्त्रज्ञांतही जुंपली. पण डोंगराच्या पोटातलं कळत नाही म्हणून तिथे चूक झाली. वैनगंगेचं तसं नाही. वरच्या धरणातून किती पाणी सुटलं ते मोजलेलं असतं, आणि ते मार्कंड्यापर्यंत यायला काही तास लागतात. ते तास आज इशारा पोचण्यात आणि तो खरा मानावा की नाही या घोळात जातात. त्यांतला निम्मा वेळ जरी ढोरं हलवायला मिळाला, तरी पुष्कळ घरं बोलावण्याआधी निघतील.

म्हणून नदीकाठच्या ग्रामसभांना एकच विनंती: मृग लागायच्या आत ठरवून ठेवा की गावची ढोरं कोणत्या उंचवट्यावर जातील, त्यांना वैरण कोण देईल आणि हाकायला कोण जाईल. बोटींचं नंतर बघू.